कण्हेर, धोतरा आणि मेथीचा वाफा: नाशिकच्या एका सोसायटीतलं खताचं प्रकरण

हे प्रकरण पाथर्डी फाट्याच्या बाजूच्या एका सोसायटीतलं. तीन बाजूंच्या भिंतीलगत कण्हेरीचं पुरुषभर उंचीचं कुंपण. फाटकाजवळ पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, दोन जुनी झाडं. मागच्या पडीक पट्ट्यात आपोआप उगवलेला धोतरा, घाणेरी आणि थोडी रुई. जिन्याखालच्या कुंड्यांत डिफेनबेकिया, ही शोभेची वनस्पती. पूर्वेला ऊन चांगलं, म्हणून तिथे रहिवाशांनी परसबाग केलेली: मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो. घरांतल्या ओल्या कचऱ्याचं खत आवारातच विटांच्या जाळीदार टाक्यांत होतं. खत मागणारे वाफे वाढत होते आणि खत पुरत नव्हतं.

पाऊस सरला की कुंपणाची छाटणी होते. त्या ऑक्टोबरात छाटलेल्या कण्हेरीचा ढीग पहिल्यांदाच टाक्यांशेजारी आणून टाकला गेला आणि वादाला तोंड फुटलं. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी सचिवताईंना सरळ सांगितलं, "कण्हेर विषारी असते गं. तिचं खत घातलेली मेथी मी नातवाच्या ताटात वाढणार नाही." माळीकाकांचं म्हणणं वेगळं होतं. "ताई, आठ दिवस वाळू द्या, मग पेटवून देऊ. सकाळच्या प्रहरी जागा मोकळी." काही तरुण रहिवाशांना हा सगळाच बाऊ वाटत होता. निसर्गात सगळं कुजतं, टाका टाकीत आणि विसरा, असं त्यांचं मत. मी काही सोसायट्यांना खताच्या कामात मदत करते, म्हणून मला बोलावणं आलं.

तिघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, पण तिघंही धोका चुकीच्या जागी शोधत होते. कण्हेरीचं विष मेथीत उतरेल का, यावर सगळ्यांचं लक्ष होतं. वादानंतर तो ढीग टाक्यांशेजारून हलवला गेला होता आणि मी गेले तेव्हा दोन दिवस कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, अर्धा सुकलेल्या अवस्थेत पडलेला होता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रोज गाई आणि शेळ्या चरायला येतात. त्या दिवशी पहिलं काम खताचं नव्हतंच. तो ढीग आत घेऊन जाळीमागे टाकणं, हे काम होतं.

ढिगात नेमकं काय होतं

कण्हेरीच्या पानात, खोडात, मुळात, फुलात, सगळीकडे हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. त्यांतलं मुख्य म्हणजे ओलिअँड्रिन. हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप ते अडवतं आणि ठोक्यांची लय बिघडते. गाईला मारायला वाळलेल्या पानांचं प्रमाण दर किलो वजनामागे सुमारे 50 मिलीग्रॅम पुरतं, म्हणजे मोठ्या जनावरालाही दहा-वीस पानं. हिरवी पानं कडू, म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. महामार्गांच्या दुभाजकात कण्हेर लावतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण पान वाळलं, गवतात मिसळलं, की ते नकळत पोटात जातं आणि वाळल्याने विष कमी होत नाही. छाटणीचा ढीग उभ्या झाडापेक्षा जास्त घातक आहे, तो यामुळे. गावाकडे जुनी माणसं कण्हेर गोठ्याजवळ लावू देत नसत. तो अनुभव खरा आहे आणि आजींची धास्ती त्याच अनुभवातून आलेली.

बिट्टीतही त्याच जातीची विषं आहेत आणि तिच्या फळातली बी सर्वांत जहाल. रुईच्या चिकातही हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स आहेत, शिवाय तो चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. धोतऱ्यात वेगळी मंडळी: अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन, हायोसायामिन. त्याने तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. घाणेरीतली लँटाडिन गुरांचं यकृत बिघडवतात. डिफेनबेकियाचं पान चावलं तर कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जिभेत आणि घशात रुततात. सूज येते, भयंकर आग होते, पण खताच्या दृष्टीने ही सगळ्यांत कमी काळजीची वनस्पती. त्या सुया इजा करतात त्या चावताना. कुजून मातीत मिसळल्यावर त्यांची भीती उरत नाही.

या सगळ्यांना "विषारी झाडं" असं एकच लेबल लावून चालत नाही. विषाचा रेणू कोणता, तो झाडाच्या कोणत्या भागात आहे आणि तो माणसापर्यंत किंवा जनावरापर्यंत कोणत्या वाटेने पोचू शकतो, हे वेगवेगळं बघावं लागतं.

जाळायचं का नाही

माळीकाकांचा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट होता. कण्हेरीच्या धुरातही विष असतं, ती जाळायची नसते. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये साध्या जाळण्यालाही 5,000 रुपयांचा दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. काकांनी कायदा ऐकून घेतला, पण पटलं ते धुराचं. त्यांनीच मग जे सांगितलं त्याने सचिवताईंचा चेहरा उतरला. आधीच्या हिवाळ्यांत छाटणीच्या वाळलेल्या काटक्या रात्रपाळीचा वॉचमन शेकोटीला वापरायचा. नाशिकचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली उतरतो, रात्री फाटकावर बसणाऱ्या माणसाला शेकोटी लागतेच. त्या माणसाला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी बाभळीचं जळण आणायचं ठरलं आणि कण्हेरीची काटकी शेकोटीत, चुलीत किंवा पाण्याच्या बंबात घालायची नाही, हे त्याला नीट समजावून सांगितलं. कणीस भाजायलासुद्धा ती काडी घेऊ नये.

कुजल्यावर विष राहतं का

इथे आजींना सविस्तर उत्तर द्यायला हवं होतं.

ग्लायकोसाइड म्हणजे एका मोठ्या रेणूला जोडलेली साखर. ढिगातले जिवाणू आणि बुरशी आधी ती साखर तोडतात, मग उरलेला सांगाडा हळूहळू फोडतात. हे काम उष्णतेचं एकटीचं नाही. कण्हेरीची पानं उकळली तरी विष राहतं. काम करतात ते जीव, आणि त्यांना हवा, ओलावा आणि नत्र लागतं. कॅलिफोर्नियात कण्हेर रस्त्यांच्या कडेने उदंड लावलेली आहे, म्हणून तिथल्या संशोधकांनी कण्हेरीच्या पाल्याचं खत करून हाच प्रश्न तपासला. वरचेवर उलटलेल्या ढिगात ओलिअँड्रिन लवकर कमी झालं, नुसत्या रचून ठेवलेल्या ढिगात ते महिनोन्‌महिने सापडत राहिलं. "टाका आणि विसरा" म्हणणाऱ्या तरुणांना हे उत्तर होतं. कुजतं सगळंच, पण विसरलेल्या ढिगात फार सावकाश.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण ती सांगितली नसती तर दिलासा अर्धवट राहिला असता. झाडं मातीतली परकी रसायनं अजिबात शोषत नाहीत, असं नाही. जर्मनीतल्या प्रयोगांत तंबाखूचा पाला मातीवर पसरला तेव्हा तिथल्या पुदिन्याच्या पानांत निकोटीन सापडलं. म्हणून कच्चा विषारी पाला पालेभाज्यांच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून पसरणं मला मान्य नाही, मग तो कण्हेरीचा असो की धोतऱ्याचा. पूर्ण मुरलेलं खत ही वेगळी वस्तू आहे.

आपल्याकडची शेती हे पूर्वीपासून जाणते. गिरीपुष्पाचा पाला उंदरांना विषारी, तरी हिरवळीचं खत म्हणून बांधावर तो लावायला सांगतात. उलट दशपर्णी अर्कात कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी मुद्दाम घालतात, कारण तिथे त्यांची ताकद किडीवर वापरायची असते. एकच पाला, पण एकीकडे तो मातीत पुरा मुरवायचा आणि दुसरीकडे त्याचा अर्क काढायचा. निफाड, दिंडोरीकडे ज्यांची शेती आहे अशा दोन-तीन रहिवाशांना हा फरक लगेच कळला आणि पुढची चर्चा त्यांनीच सोपी केली.

आजींनी आणखी एक प्रश्न विचारला आणि तो मला फार मोलाचा वाटला. महाशिवरात्रीला महादेवाला धोतऱ्याची फुलं-फळं वाहतात, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, कण्हेरीची फुलं तर रोजच्या पूजेत असतात. मग निर्माल्याच्या खताचं काय? हो, निर्माल्यात हे सगळं असतं. त्याचं खत करायला हरकत नाही, पण त्यातली धोतऱ्याची बोंडं आधी वेचून काढायला हवीत. का, ते परसबागेतच दिसलं.

पालकाच्या वाफ्यातली रोपं

ढिगाचं बोलणं चालू असताना मी वाफे बघत होते. पालकाच्या वाफ्यात, पालकाच्याच उंचीची, पाच-सहा वेगळी रोपं उभी होती. खालची पहिली दोन पानं लांबट आणि अरुंद, वरची अंडाकृती, टोकाकडे निमुळती, देठाकडे जांभळी झाक. पान चुरगाळलं की उग्र वास. तो धोतरा होता. आदल्या वर्षी मागच्या पट्ट्यातला धोतरा बोंडांसकट उपटून टाकीत टाकला होता. पाला केव्हाच कुजला, पण टाकीच्या कडेचा थर कधी तापला नाही, बी तसंच राहिलं आणि खताबरोबर वाफ्यात येऊन पडलं.

या प्रकरणातला खरा धोका हाच होता आणि तो कोणाच्याच बोलण्यात नव्हता. धोतऱ्याच्या एका बोंडात शेकडो बिया असतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मूठभर पालक कापताना कोवळं धोतऱ्याचं पान हातात येणं अगदी सहज शक्य आहे. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात पाकीटबंद पालकात धोतऱ्याच्या जातीचं तण मिसळलं आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला, काहींना भास झाले. तिथे शेतं मोठी आणि यंत्राची कापणी. इथे वाफा दोन हातांचा, कापणी डोळ्यांसमोर, म्हणून निस्तरणंही सोपं. रोपं मुळासकट काढली, त्या वाफ्यातला उरलेला पालक त्या खेपेला कोणी खाल्ला नाही, आणि परसबागेत भाजी कापणाऱ्या प्रत्येकाला धोतऱ्याचं रोप हातात देऊन ओळखायला शिकवलं. त्यानंतर हात धुणं आलंच. धोतऱ्याचा रस लागलेला हात डोळ्याला लावला तर बाहुली विस्फारते आणि बराच वेळ धूसर दिसतं.

गाजर गवतालाही हेच लागू आहे. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज नाशिकच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. फुलण्याआधी उपटलं तर त्याचं खत होतं. फुलल्यावर ते खतात घालणं म्हणजे हजारो बिया आपल्या हाताने पेरणं.

आम्ही काय केलं

भाजीच्या टाक्या आणि छाटणीचा ढीग वेगळा केला. हा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा होता आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. मागच्या कोपऱ्यात जाळीचा, एक मीटरहून थोडा मोठा चौकोनी पिंजरा उभा केला, वरून झाकण, दाराला कडी. मीटरभरापेक्षा लहान ढीग उष्णता धरून ठेवत नाही, आणि कडी जनावरांसाठी जितकी तितकीच मुलांसाठी.

कण्हेरीचं पान चिवट आणि मेणचट. अख्खं टाकलं तर वर्षभर ओळखू येतं, म्हणून बारीक करावंच लागतं. छाटणी आणि तुकडे करताना काकांना हातमोजे, चष्मा, तोंडाला कापड आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. ते आधी हसले, "आयुष्यभर उघड्या हातांनी केलं ताई." पण चीक आणि यंत्रातून उडणारा भुगा डोळ्यांत जाण्याचा प्रश्न समजल्यावर चष्मा त्यांनी स्वतःहून मागून घेतला. सोसायट्यांनी हे साहित्य विकत आणून द्यायला हवं. माळ्याने ते स्वतःच्या पैशांनी आणावं, ही अपेक्षा मला अजिबात पटत नाही.

ढिगात कण्हेर आणि घाणेरीचा पाला मिळून चौथ्या हिश्श्याच्या आत ठेवला. बाकी आवारातला सुका पाचोळा, घरांतला भाजीचा ओला कचरा आणि शेणकाला. कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला एक जमलं की ढीग आपोआप तापतो. ओलावा मुठीत दाबून बघायचा, हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. पहिले काही आठवडे दर आठवड्याला ढीग उलटला, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा निकष मोठ्या लांबट ढिगांसाठी 15 दिवस 55 अंश आणि त्या काळात पाच वेळा उलटणं, असा आहे. तो रोगजंतूंसाठी आहे, पण बिया मारण्यासाठीही दिशा तीच. आमच्या ढिगाच्या पोटात खुपसलेली सळई पहिल्या पंधरवड्यात हातात धरवत नव्हती. थंडी पडल्यावर ढीग निवला. तेव्हा गोणपाट पांघरलं, पुन्हा शेणकाला आणि ओला कचरा मिसळला, आणि तो परत गरम झाला.

धोतऱ्याची बोंडं आणि बिट्टीची फळं मात्र ढिगात टाकायचीच नाहीत, असं ठरलं. ढीग कितीही तापला तरी कडेचा थर थंड राहतोच. बोंडं सुकून फुटण्याआधी तोडायची, जाड पिशवीत बांधून वेगळी ठेवायची आणि घंटागाडीच्या माणसाला सांगून द्यायची. रुईचं खोड वेगळं सुकवलं, पानं ढिगात गेली. आणि गांडूळ खताच्या पेटीत यांतलं काहीच थेट नाही. चिकाचा आणि कडू पाला गांडुळांना मानवत नाही, आधी ढिगात मुरायला हवा.

फेब्रुवारीत ढीग अर्धा झाला होता, रंग काळसर, वास मातीचा. सचिवताईंना घाई होती, वाफे रिकामे होते. पण मुठीत घेतलं की कण्हेरीच्या मधल्या शिरा अजून ओळखू येत होत्या. माझा नियम साधा आहे: पान ओळखू येतंय तोवर ते खत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर चाळलं. चाळणीवर राहिलेल्या काड्या नव्या ढिगात, खालचं खत पोत्यांत.

त्या खतात मेथी आणि मूग पेरून पाहिले. उगवण छान झाली, पानं सरळ आली. ही चाचणी ओलिअँड्रिनची नव्हे. खत कच्चं आहे का आणि त्यात तणनाशकाचा अंश आहे का, एवढंच ती सांगते, आणि तेही कळायला हवं होतं. बाहेरून आणलेल्या शेणात किंवा गवतात काही चिवट तणनाशकं टिकून राहतात, ढिगातूनही तरतात आणि टोमॅटोची, मुगाची पानं पिळवटून टाकतात. परसबागेला बाहेरचं शेणखत घेणाऱ्यांनी कण्हेरीइतकीच चौकशी त्याचीही करावी.

ते पहिलं खत भाजीला दिलं नाही. कण्हेरीच्या कुंपणाला, बिट्टीला, जास्वंदीला आणि मोगऱ्याला दिलं. भाजीच्या टाक्यांतलं नेहमीचं खत वाफ्यांकडे राहिलं. या ढिगातलं खत वर्ष उलटल्याशिवाय पालेभाजीला द्यायचं नाही, हे मी सुचवलं आणि आजींनी ते वहीत लिहवून घेतलं. शास्त्राच्या दृष्टीने कदाचित इतकं थांबण्याची गरज नसेल. पण आवारात कुंपणच इतकं लांब आहे की हे सगळं खत तिथेच खपतं. मग ज्या घरात लहान मूल जेवतं तिथे शंकेला जागा का ठेवायची?

एक प्रश्न सुटलेला नाही. फाटकाजवळची बिट्टी मुलांच्या खेळाच्या जागेला लागून आहे आणि तिची हिरवी त्रिकोणी फळं मुलांच्या हातात येतात. काहींना झाडं काढायची आहेत. त्यासाठी 1975च्या वृक्ष जतन कायद्यानुसार महापालिकेकडे परवानगीचा अर्ज करावा लागेल, आणि पूजेला फुलं नेणाऱ्यांचा विरोध आहे. तूर्त काका दर दोन दिवसांनी खालची फळं वेचतात, हाताला येणाऱ्या फांद्या छाटलेल्या आहेत, आणि खालच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांना सांगितलंय की मुलाने फळ चावल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, फळाचा तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. माझं मत झाडं काढावीत असं आहे आणि मी ते सभेत सांगितलंय. निर्णय त्यांचा.

कुंपणाची छाटणी आता दोन हप्त्यांत होते, निम्मी ऑक्टोबरात आणि निम्मी होळीच्या सुमाराला, म्हणजे पिंजऱ्यात मावेल तेवढाच पाला एका वेळी येतो आणि रस्त्याच्या कडेला ढीग पडायची वेळ येत नाही.